एकाहत्तर दिवस

पडद्यावर स्वतःचा क्रमांक दिसला तेव्हा पद्मजाने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पदर सावरला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उमरखेडच्या बसस्थानकामागच्या गल्लीत संस्थेच्या दोन खोल्या, एकीत औषधांचे खोके, दुसरीत ती आणि संगणक. तरी उघड्यावर कुणी बघितल्यासारखा तिचा हात खांद्याकडे गेला. क्रमांक ११८. उपचाराचे कालखंड दोन. मधलं अंतर एकाहत्तर दिवस. शेरा : उपचार सोडला. नाव नव्हतं; नावं कपाटातल्या वहीत होती आणि कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती. संगणकाला तो शेरा द्यायला सांगणारी ओळही तिनेच लिहिलेली. गेले सहा आठवडे, जाडजूड इंग्रजी पुस्तक एका मांडीवर आणि शब्दकोश दुसऱ्या मांडीवर घेऊन, ती त्या आकडेवारीच्या प्रणालीशी झटत होती. काम ऐकायला सोपं होतं. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा क्रमाने लावायच्या, प्रत्येक तारखेतून तिच्या आधीची तारीख वजा करायची. उरलेले दिवस पंचेचाळीसच्या आत असले तर तोच उपचार चालू आहे असं धरायचं, जास्त भरले तर जुना उपचार संपला, आता आली ती नव्याने आली. बस. यंत्राला फक्त मागची एक ओळ आठवते, त्याच्या मागचं काही नाही. पद्मजाला हे फार आवडलं होतं. मागची एकच ओळ आठवणारा एखादा माणूस सासरी भेटला असता तर किती सुख झालं असतं, असं तिला पुस्तक वाचताना वाटलं होतं आणि ती एकटीच हसली होती. आता तिला हसू आलं नाही. मी सोडला नव्हता, ती पडद्याला म्हणाली. मोठ्याने म्हणाली. मग तिने पान वर सरकवलं आणि बेरीज बघितली : चारशे बारा रुग्णांपैकी दोनशे त्रेसष्ट, उपचार सोडला.

तिला मिरगी होती. हे वाक्य तिने कुणासमोर, अगदी मनातसुद्धा, सरळ म्हटलेलं नव्हतं. घरातला शब्द होता चक्कर. पद्मजाला चक्कर येते. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात, मांडवपरतणीच्या गडबडीतसुद्धा जी आली नव्हती ती हरतालिकेच्या दिवशी भर माजघरात आली. येण्याआधी तिला नेहमी सरकीच्या ढेपेचा वास यायचा, ओल्या, जरा आंबट ढेपेचा, जिथे ढेप नसायची तिथेही. मग जिभेचं लाकूड व्हायचं आणि मग काही नाही. काही नाही म्हणजे अंधारही नाही. सिनेमाची पट्टी तुटावी आणि ऑपरेटरने पुढचा तुकडा जोडून द्यावा तसं. जाग आली तेव्हा तोंडात चामड्याची चव होती आणि सासूबाईंच्या हातात मामंजींची चप्पल. नाकाला लावता लावता ती दातांत गेली असणार. सगळ्यांचे चेहरे वरून वाकलेले, आणि त्यात नवऱ्याचा, यज्ञेश्वरचा, नव्हता. तो बाहेर जाऊन शेजारच्यांना सांगत होता की उपास झेपला नाही, चक्कर आली. तेवीस वर्षं झाली. तो माणूस तिला एकदाही वेडंवाकडं बोलला नाही, त्याने तिला जिन्याच्या कडेने चालू दिलं नाही, विहिरीवर एकटं जाऊ दिलं नाही, आणि तेवीस वर्षं न चुकता लोकांना चक्कर सांगत राहिला. त्याच्या मायेचा आणि त्या शब्दाचा काच एकाच जागी बसायचा, दोन्ही एकदम सैल करता यायचे नाहीत. स्पृहा झाली, शाळेत गेली, अमरावतीला शिकायला गेली, आणि आईच्या आयुष्यात जागोजागी कोरे तुकडे राहिले. दोन मिनिटांचे, पाच मिनिटांचे. त्या तुकड्यांत आपण कुठे असतो, हा प्रश्न तिला पोळ्या लाटताना पडायचा. नसतो, असं तिने कधीच मान्य केलं नव्हतं. आपल्याला माहीत नसेल, पण असतो. कुणीतरी आपलं डोकं धरलेलं असतं.

कापसाच्या गावांतून वाईट बातम्या यायला लागल्या, वर्तमानपत्रांत यवतमाळचं नाव रोज छापून यायला लागलं, तेव्हा नागपूरच्या एका संस्थेने ढाणकीला दर गुरुवारी मनाच्या आजारांचा दवाखाना उघडला. मन म्हटलं की मेंदू आलाच, म्हणून मिरगीवालेही त्यात घुसले. पद्मजा त्यांतली एक. उमरखेडला ओळखीचे डोळे फार, म्हणून एसटीने ढाणकीला गेली आणि माहेरच्या नावाने कार्ड काढलं. गोळी मिळाली. दिवसाला दोन, पांढऱ्या, कडू. आणि दहा महिन्यांत ढेपेचा वास गेला तो गेला. माणसाच्या नशिबाचं काय विचित्र असतं; एवढ्या माणसांनी जीव दिला तेव्हा कुठे हिच्या हातात, लहानपणीच मिळायला हवी होती ती गोळी पडली. त्याची तिला लाज वाटायची आणि ती लाज कुणाला सांगता यायची नाही. रांगेत बसून बसून तिने बघितलं की रजिस्टरात तारखा उलटसुलट लिहिल्या जातात, तसं डॉक्टर चारुदत्तांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘मग तुम्हीच का नाही बघत?’ अशी ती नोकरीला लागली. दवाखान्यात तिची मिरगी तिघाचौघांना ठाऊक, गावात कुणालाच नाही.

नागपूरचं पत्र टेबलावर होतं. निम्म्याहून अधिक रुग्णांनी उपचार सोडला असेल तर ढाणकीचा गुरुवार बंद करून ती ताकद दुसरीकडे लावावी, असा विचार आहे. येत्या बुधवारी स्थानिक समितीपुढे आकडे ठेवावेत. तिने नागपूरला फोन लावला. तिकडे सलील नावाचा मुलगा होता, हुशार, मऊ बोलणारा, तिला मॅडम म्हणणारा.

‘पंचेचाळीस दिवस आपण सुरुवातीलाच ठरवलेत, मॅडम. आता निकाल बघून व्याख्या बदलली तर तिला व्याख्या म्हणता येणार नाही.’

‘वेचणीच्या दिवसांत बाया येत नाहीत हो. ऑक्टोबर ते डिसेंबर बघा, सगळी भोकं तिथेच आहेत.’

‘न येणं म्हणजेच सोडणं ना? आपल्याकडे तारखांशिवाय दुसरं काय आहे?’

तिने फोन ठेवला. वाईट याचं वाटलं की मुलाचं बरोबर होतं. तीही मुलीला हेच शिकवत आली होती : खेळ सुरू झाल्यावर रेघ सरकवायची नाही. तारखांशिवाय आपल्याकडे दुसरं काय आहे. ती खिडकीशी उभी राहिली. खाली अकोलीकडची गाडी माणसं भरून घेत होती, टपावर गाठोडी चढत होती. एकाहत्तर दिवस. काय होतं त्या दिवसांत? तिला तारखेने नव्हे, त्वचेने आठवलं. दीड वर्षामागचा ऑक्टोबर. ढाणकीत दवाखान्याच्या अगदी दारासमोर यज्ञेश्वरच्या चुलतभावाने कापडाचं दुकान टाकलं होतं. तो दिवसभर गादीवर बसून समोरची रांग बघायचा, दुसरं बघायला गिऱ्हाईक नव्हतं. पद्मजा गुरुवारी रजिस्टरं छातीशी धरून, कर्मचारी म्हणून, ताठ मानेने आत जायची आणि ताठ मानेने बाहेर यायची. रांगेत बसणं जमेना. धनसिंग कंपाउंडरला खिडकीतून खुणेने मागावं तर तेही जमेना. आपण कार्डाशिवाय चोरून घेतो असं होईल. गोळ्यांची पट्टी संपत आली. शेवटच्या सहा गोळ्या तिने अर्ध्या केल्या, मग पाव. आणि एका गुरुवारी ढाणकीच्या स्टँडवर, गाडीची वाट बघत असताना, कुठेही ढेप नसताना, तो वास आला. हलका. दारात उभं राहून आत येऊ का विचारणारा. तेव्हाच कुणीतरी तिचं मनगट धरलं.

‘तुह्या हाताले कंप सुटला हाय. रांगेत काहून नाही येत वं तू?’

मथुराबाई. जवळच्या तांड्यावरची, रांगेत नेहमी पुढेमागे बसणारी, हातभर बांगड्या आणि कपाळावर जुन्या भाजल्याचा डाग. फिट येऊन चुलीत पडली होती त्याचा. पद्मजाने काहीतरी सांगितलं, काम असतं, वेळ नसतो. मथुराबाईने मान वळवून दवाखान्यासमोरच्या दुकानाच्या दिशेने बघितलं, मग हिच्याकडे, आणि कमरेची चंची सोडली. पानसुपारीतून गोळ्यांची पट्टी निघाली. ‘घे. अन् तोंड असं करू नको, भीक नाही देऊन राह्यली मी तुले. आमी तर असंच करतो. वेचणीत दोघी दोघी आल्या तं दोन रोज बुडतेत. म्हणून एक खेप मी, एक खेप सुखी. जे येईल तिच्या कार्डावर दोघींच्या घ्यायच्या. धनसिंगले माहीत हाय. आता तिसरी तू.’ पद्मजाने पट्टी घेतली आणि त्या बाईसमोर, स्टँडवर, पाण्याशिवाय एक गोळी चावून खाल्ली. इतकी कडू गोष्ट तिने इतक्या सुखाने कधी खाल्ली नव्हती. त्या हंगामात दोन खेपा तिच्या वाटच्या गोळ्या तांड्याच्या चंचीतून आल्या. मग चुलतभावाचं दुकान बसलं, कारण ढाणकीत कापूस पिकला तर कापड विकणार ना. आणि पद्मजा पुन्हा रांगेत जाऊन बसली, जशी काही कधी उठलीच नव्हती. यंत्राला मागची एकच ओळ आठवते. त्या ओळीत मथुराबाई नाही.

खिडकीशी उभ्या उभ्याच तिला दुसरी गोष्ट उमगली आणि कानशिलं तापली. धनसिंग रजिस्टरात तारखेसमोर गोळ्यांची संख्याही लिहायचा. साठ, साठ, एकशे वीस. दोन वर्षं ती संख्या तिच्या डोळ्यांसमोर होती आणि दोन वर्षं तिने ती संगणकात भरली नव्हती, कारण नागपूरच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. कुणी विचारलं नाही म्हणून हिने लिहिलं नाही. तारखांशिवाय आपल्याकडे काय आहे म्हणे! माझ्या आळसाशिवाय, ती स्वतःला म्हणाली, आणि कपाटातून रजिस्टरं काढली.

चार दिवस धनसिंग वाचत होता आणि ती भरत होती. धनसिंग तांड्याचाच, दहावीनंतर औषधाच्या दुकानात शिकलेला, पन्नाशीचा माणूस, चष्म्याला दोरी.

‘बाई, हे कायले भरून राह्यल्या? नागपूरवाल्यायनं मांगतलं काय?’

‘नाही मागितलं.’

‘मंग तं भराच.’

एका पानावर तो अडखळला. वाचेना. तिने वर बघितलं. ‘एकशे ऐंशी,’ तो हळू म्हणाला. ‘मथुराबाई.’ आणि दोन पानांनंतर, ‘एकशे ऐंशी. सुखीबाई.’ मग तो म्हणाला, ‘इथं एकशे वीस भरा ना. कोणाले काय समजते?’ तिने एकशे ऐंशी भरलं. त्याने दोरी ओढून चष्मा नीट केला. ‘तुमाले वाटते मी माह्यासाठी सांगून राह्यलो?’ तो म्हणाला. ‘तुमच्यासाठी सांगून राह्यलो.’

नियम तिने बदलला नाही. पंचेचाळीस पंचेचाळीसच ठेवले. फक्त मागच्या खेपेला महिन्याच्या साठ गोळ्यांहून जास्त दिल्या असतील, तर त्या जास्तीच्या गोळ्यांचे दिवस मधल्या अंतरातून वजा केले, दिवसाला दोन धरून. आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले. पहिल्यात दोनशे त्रेसष्ट, दुसऱ्यात एकशे एक्केचाळीस. निम्म्याच्या पुष्कळ खाली. मथुराबाईचे पाच तुकडे सांधून एक लांब अखंड रेघ झाली होती, तीन वर्षांची, आणि सुखीबाईची तशीच. पद्मजाने त्या रेघेवर बोट फिरवलं. पण ते एकशे एक्केचाळीस खरेच सुटले होते, त्यांच्यासाठी तिच्याकडे कुठली युक्ती नव्हती. काही सुरतेकडे गेले, काही कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही, काहींच्या नावासमोर तिला गावातून कळलेलं लिहायचं धाडस होत नव्हतं. आणि त्या एकशे एक्केचाळीसात क्रमांक ११८ तसाच होता. एकाहत्तर दिवस, शेरा तोच. तिच्या गोळ्या दुसऱ्यांच्या कार्डावर होत्या. तिला जोडणारा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. आणि त्या दोन एकशे ऐंशींच्या मागे जी साठ-साठची वाढ होती, ती आता कुणालाही दिसणार होती.

मंगळवारी संध्याकाळी भाजी निवडताना तिने यज्ञेश्वरला सांगितलं, त्या जास्तीच्या गोळ्यांचं कुणी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल. तो कोर्टातलं काम आटोपून नुकताच आलेला, पायाशी पाण्याचा तांब्या. त्याने ऐकून घेतलं.

‘समितीत स्पृहाच्या स्थळाकडचे, मुलाचे मामा आहेत,’ तो म्हणाला.

‘माहीत आहे.’

‘चार दिवसांत ते लोक होकार कळवणार. कुणी विचारलं तर सांग, चुकून लिहिलं गेलं. धनसिंगचं मी बघतो.’

‘काय बघाल?’

त्याने तांब्याकडे बघितलं. ‘तुला काय वाटतं, मला बरं वाटतं का गं? तेवीस वर्षं मी काय केलं मग?’

‘झाकलंत,’ ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. ‘मायेनं झाकलंत. पण झाकलंतच ना?’ तो उठून आत गेला. तिने अमरावतीला फोन लावला. स्थळ मुलीचं होतं, तिला न विचारता उधळायचा हक्क आईलाही नव्हता. स्पृहाने सगळं ऐकलं. मागे वसतिगृहातली भांडी वाजत होती.

‘त्यांनी नाही म्हटलं तर?’

‘म्हणतीलही. तुला तो मुलगा आवडलाय, मला दिसतं ते.’

‘हो.’ नाक ओढल्याचा आवाज. ‘बोल तू, आई. पण चक्कर म्हणू नकोस हं.’

बुधवारची सभा पंचायत समितीच्या लहान सभागृहात होती. पंखा, सतरंजी, लाकडी खुर्च्या, अकरा जणांची समिती, नागपूरहून आलेला सलील. तिच्या कल्पनेपेक्षा लहान, कोवळी मिशी. डॉक्टर चारुदत्त तिच्या शेजारी, धनसिंग दाराशी. तिने तक्ते वाटले आणि ती रुग्णांच्या क्रमाने, एकेक क्रमांक घेत, समजावून सांगायला लागली. सलील मन लावून ऐकत होता. दुसऱ्या तक्त्यावर त्याने पेन्सिल टेकवली, आणि त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला. मुलाला गणित आवडत होतं. ‘हे आधी करायला हवं होतं,’ तो म्हणाला, ‘नियम तोच राहिला आणि…’ मग पेन्सिल थांबली. ‘पण इथे दोन नोंदी जुळत नाहीत. दोन महिन्यांत एकशे वीस गोळ्या जास्त दिल्यात. त्या कुठे गेल्या?’

‘कुठे जाणार?’ मामा म्हणाले. जाकीट, खिशाला दोन पेनं, पुढच्या रांगेत. ‘कंपाउंडर तांड्यावरचा, बाया तांड्यावरच्या. बाहेर विकल्या असतील. म्हणून म्हणतो, असल्या दवाखान्याचा उपयोग काय? तुम्ही द्या, हे विका.’ दोघेतिघे हसले. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, चौकशी करता येईल. धनसिंगने मान खाली घातली होती आणि चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता, आणि त्याच्या त्या न बघण्याने तिच्या तळव्यांना घाम आला. जिभेचं लाकूड होतंय की काय असं वाटलं. ती थांबली, वास येतो का बघितलं. नव्हता. नुसती भीती होती, साधी, निरोगी माणसाला वाटते तशी.

‘त्या माझ्या पोटात गेल्या,’ पद्मजा म्हणाली.

सलीलला कळलं नाही. त्याने कागद चाळला, कागदात काही सापडेल म्हणून.

‘एकशे अठरा बघा. एकाहत्तर दिवस, उपचार सोडला. ती मी. मला मिरगी आहे, लहानपणापासून. त्या दोन महिन्यांत मी लोकांच्या डोळ्यांना भिऊन रांगेत बसले नाही. ह्या दोन बायांनी आपल्या कार्डावर माझ्या गोळ्या आणल्या आणि ह्या धनसिंगांनी त्या दिल्या, दिल्या तेवढ्याच लिहिल्या. विकल्या असत्या तर लिहिल्या नसत्या, एवढं तर चौथीतल्या पोरालाही कळेल. त्या आणल्या नसत्या तर तुमच्यासमोर उभी राहायला मी असते की नाही, डॉक्टरांना विचारा.’

‘असत्या तर नशीब,’ चारुदत्त म्हणाले. या खेपेला घसा न खाकरता.

‘मॅडम,’ सलील अगदी हळू म्हणाला, जणू तिला लागेल, ‘हे तक्त्यात कसं घ्यायचं? यासाठी नियम नाहीये.’

‘नसू दे. माझी ओळ आहे तशी ठेवा. सोडला म्हणा. एकशे एक्केचाळीसच मोजा, एकही कमी करू नका, मला सूट नको. फक्त खाली लिहा की त्यांतल्या एका बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी सोडला नव्हता. बाकीच्या एकशे चाळीस जणांना अजून कुणी विचारलेलं नाही. दवाखाना उघडा असेल तर विचारता येईल.’

मामांची खुर्ची मागे सरकली. लाकडाचा आवाज फरशीवर खरवडत गेला. त्यांनी जाकीट खाली ओढलं, तिच्याकडे नाही, तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं आणि ते दाराकडे निघाले. पद्मजाला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, स्पृहाचा आवाज ऐकू येत होता, घरी यज्ञेश्वर आता आतल्या खोलीत कसा बसला असेल ते दिसत होतं. गुरुवार उरणार की नाही हेही ठरलं नव्हतं. सगळे ते बाहेर जाईपर्यंत थांबले होते, अशा वेळी थांबायची रीत असते. ती थांबली नाही. तिने तक्त्यावर बोट ठेवलं.

‘एकशे एकोणीस,’ ती म्हणाली.